मजकुराची चौकट : अगोदर माप, मग रेघ



पाटीला लांकडाची चौकट असते, वहीच्या पानाला समास असतो, आणि जुन्या हस्तलिखित पोथ्यांत मजकुराच्या दोहों बाजूंस उभ्या रेघा ओढलेल्या आढळतात. या सर्वांचें काम एकच : मजकूर कोठें सुरू होतो व कोठें संपतो हें डोळ्यांस सांगणें. संगणकावर प्रोग्रॅम लिहूं लागलेल्या विद्यार्थ्यास लवकरच अशीच इच्छा होते. प्रोग्रॅमनें काढलेलें उत्तर इतर ओळींच्या गर्दींत हरवूं नये, तें चौकटींत उठून दिसावें, असें त्याला वाटतें. हें काम वरवर पाहतां क्षुल्लक आहे; चार रेघा ओढावयाच्या, त्यांत शिकण्यासारखें तें काय ? परंतु जो हें काम स्वतः करून पाहील त्याला त्यांतून दोन गोष्टी कळतील. पहिली ही कीं, मोजल्यावांचून चौकट काढतां येत नाहीं; आणि दुसरी ही कीं, 'एक अक्षर' म्हणजे काय, या प्रश्नाचें संगणकाचें उत्तर व आपलें उत्तर नेहमीं एकच नसतें. प्रस्तुत लेखांत या दोन गोष्टींचा क्रमानें विचार करावयाचा आहे.

कन्सोलची वही

कन्सोल म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील ती साधी खिडकी, जींत चित्रें व बटणें नसतात. आपण कळा दाबून आज्ञा द्यावयाची आणि प्रोग्रॅमनें अक्षरांतच उत्तर द्यावयाचें. तिला टर्मिनल असेंहि म्हणतात. अंकगणिताच्या चौकड्यांच्या वहीचें पान डोळ्यांपुढें आणा, म्हणजे कन्सोलची रचना तेव्हांच समजेल. तींत आडव्या ओळी व उभे स्तंभ असतात, आणि त्यांच्या छेदानें झालेल्या प्रत्येक घरांत साधारणतः एक चिन्ह बसतें. इ. स. १९८१ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें जो वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, त्याच्या पडद्यावर ८० स्तंभ व २५ ओळी, म्हणजे एकंदर २,००० घरें होतीं. ८० हा आंकडा त्याहूनहि जुना आहे. याच कंपनीनें १९२८ सालीं काढलेल्या भोंकें पाडावयाच्या कार्डावर ८० स्तंभ असत. आजच्या खिडक्या हव्या तितक्या रुंद करतां येतात, तरी पुष्कळ कन्सोल उघडतांना प्रथम ८० स्तंभांचेच उघडतात.

या रचनेमुळें दोन गोष्टी ओघानेंच येतात. एक तर कन्सोलमध्यें लेखणी नाहीं आणि फूटपट्टीहि नाहीं. रेघ हवी असेल तर तीहि चिन्हें जोडूनच तयार करावी लागते. दुसरें असें कीं, प्रोग्रॅम साधारणतः वरून खालीं व डावीकडून उजवीकडे छापीत जातो. चौकटीची वरची कड सर्वांत आधीं छापावी लागते. आणि त्या वेळीं आंतील मजकुराची एकहि ओळ पडद्यावर आलेली नसते. मग ती कड किती लांब करावयाची ? दाराचें माप घेतल्याशिवाय सुतार लांकडाला करवत लावीत नाहीं. त्याचप्रमाणें सर्व मजकूर अगोदर हातीं घेऊन त्यांतील सर्वांत लांब ओळ शोधल्याशिवाय प्रोग्रॅमनें पहिली रेघ छापतां कामा नये. एक ओळ आली कीं ती छापून मोकळें व्हावयाचें, अशी ज्याची पद्धति असेल त्याची चौकट कधींच जुळणार नाहीं.

कृति

आपण पाढ्यांतील तीन ओळी घेऊं आणि त्यांभोंवतीं चौकट काढूं. आडव्या रेघेसाठीं उणे चिन्ह, उभ्या भिंतीसाठीं उभा दंड व चार कोपऱ्यांस अधिक चिन्ह अशी योजना करूं. हीं तिन्ही चिन्हें बहुतेक प्रत्येक कीबोर्डवर असतात आणि १९६० नंतरच्या दशकांत रूढ झालेल्या 'आस्की' या कोडांत त्यांस अनुक्रमें ४५, १२४ व ४३ हे क्रमांक आहेत; म्हणून तीं कोणत्याहि संगणकावर न बिघडतां उमटतात. तयार झालेली चौकट अशी दिसेल :

+---------------+
| ९ × ९ = ८१    |
| ९ × १० = ९०   |
| १२ × १२ = १४४ |
+---------------+

आतां ही कशी झाली तें पहा.

(१) मजकुराच्या सर्व ओळी एका यादींत गोळा कराव्या. येथें त्या तीन आहेत.

(२) प्रत्येक ओळीची लांबी मोजावी. मधल्या मोकळ्या जागाहि मोजाव्या. पहिल्या ओळींत १०, दुसरींत ११ व तिसरींत १३ चिन्हें आहेत. त्यांतील सर्वांत मोठी संख्या १३. तिला आपण 'रुंदी' म्हणूं.

(३) मजकूर भिंतीला चिकटूं नये म्हणून दोन्ही बाजूंस एकेक मोकळी जागा सोडावी. म्हणजे दोन भिंतींमधील अंतर रुंदी अधिक २, अर्थात् १५ झालें.

(४) वरची कड छापावी : एक कोपरा, १५ उणे चिन्हें, पुन्हा एक कोपरा, एकूण १७ चिन्हें. एकच चिन्ह अनेक वेळां लिहिण्याची सोय बहुतेक प्रोग्रॅमिंगच्या भाषांत असते. पायथॉन भाषेंत तर चिन्हाला संख्येनें गुणलें कीं काम झालें.

(५) मग प्रत्येक ओळ छापावी : भिंत, एक मोकळी जागा, मजकूर, भरतीच्या मोकळ्या जागा, आणखी एक मोकळी जागा, भिंत. भरती किती करावयाची ? रुंदींतून त्या ओळीची लांबी वजा करावी. पहिल्या ओळीस १३ वजा १०, म्हणजे ३, दुसरीस २, तिसरीस शून्य.

(६) शेवटीं खालची कड छापावी. ती वरच्या कडेसारखीच असते.

पडताळा सोपा आहे. प्रत्येक ओळ बरोबर १७ चिन्हांची भरली पाहिजे. एखादी ओळ १६ किंवा १८ भरली तर उजवी भिंत त्या ठिकाणीं आंत किंवा बाहेर सरकलेली दिसेल. चौकटीचा हाच मोठा गुण आहे कीं, मोजणीतील चूक ती लपवीत नाहीं.

चूक कोठें होते ?

नवशिक्या विद्यार्थ्यांची गफलत बहुधा पुढील ठिकाणीं होते. पहिली गफलत दोन मोकळ्या जागांची : मजकुराच्या ओळींत त्या धरावयाच्या व वरच्या कडेंत धरावयाच्या विसरावयाचें, म्हणजे कड दोन घरांनीं आंखूड पडते. दुसरी गफलत टॅबची. टॅब हें मोजतांना एकच चिन्ह भरतें. पण पडद्यावर तें पुढच्या ठराविक थांब्यापर्यंत उडी मारतें, आणि हे थांबे सामान्यतः आठ आठ स्तंभांवर असतात. म्हणून चौकटींत घालण्यापूर्वीं टॅबच्या जागीं साध्या मोकळ्या जागा घालाव्या. तिसरी गफलत रंगांची. अक्षरें तांबडीं किंवा हिरवीं दिसावीं म्हणून जे गुप्त संकेत मजकुरांत घालतात, ते लांबींत मोजले जातात, परंतु पडद्यावर एकहि घर व्यापीत नाहींत. यास्तव माप रंग देण्यापूर्वींच घ्यावें. चौथी गोष्ट अशी कीं, ओळ खिडकीपेक्षां लांब असेल तर ती आपोआप खालीं दुमडते व सर्व चौकट विसकटते. अशी ओळ आपणच शब्दाच्या सीमेवर तोडून दोन ओळी कराव्या, आणि मगच माप घ्यावें.

सलग रेघ कशी आली ?

उणे चिन्हांची रेघ तुटक दिसते. सलग रेघेसाठीं खास चिन्हें करण्याचा विचार यंत्रें बनविणाऱ्यांस पूर्वींच सुचला होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या १९७८ सालच्या व्ही. टी. १०० या प्रसिद्ध टर्मिनलांत एक संकेत दिला असतां कांहीं लहान रोमन अक्षरांच्या जागीं रेघा व कोपरे उमटत. १९८१ च्या आय. बी. एम. संगणकांत तर १७९ पासून २१८ पर्यंतचे ४० कोड केवळ चौकटीच्या चिन्हांसाठीं राखून ठेवले होते. एकेरी रेघेचीं ११, दुहेरी रेघेचीं ११ आणि दोहोंच्या मिश्रणाचीं १८ अशी त्यांची वांटणी होती. अकरा कां, तर साध्या चौकटीस आडवी रेघ, उभी रेघ व चार कोपरे मिळून सहा चिन्हें पुरतात. कोष्टक करावयाचें असेल तर रेघा जेथें एकमेकींस मिळतात त्या चार प्रकारच्या सांध्यांसाठीं चार व मधल्या फुलीसाठीं एक अशीं आणखी पांच लागतात.

या संगणकाच्या एकरंगी पडद्यांत एक मौजेची युक्ति होती. प्रत्येक घर नऊ ठिपके रुंद होतें, परंतु अक्षराची आकृति आठच ठिपक्यांची असे. नववा ठिपका दोन अक्षरांमध्यें फट राहावी म्हणून मोकळा सोडीत. अक्षरांना ही फट सोयीची, पण आडव्या रेघेला ती घातक. कारण प्रत्येक घराच्या शेवटीं रेघ तुटली असती. म्हणून १९२ ते २२३ या कोडांच्या बाबतींत यंत्र आठवा ठिपकाच नवव्या जागीं पुन्हा उमटवी. ज्या चिन्हांची रेघ उजवीकडे पुढें चालू राहावयाची, तीं सर्व याच टप्प्यांत बसविलेलीं होतीं. चौकटीची सलग रेघ दिसावी म्हणून यंत्र बनविणाऱ्यांनीं केवढी सूक्ष्म दृष्टि ठेवली होती, हें यावरून ध्यानांत येईल.

पुढें १९९१ सालीं जगांतील सर्व लिप्यांस एकच क्रमांकपद्धति देणारें युनिकोड प्रसिद्ध झालें. त्यांत आज चौकटीच्या चिन्हांस १२८ जागांचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र एक सावधगिरी हवी. 'यूटीएफ-८' या रूढ पद्धतींत यांतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनीं लिहिलें जातें. कन्सोल जुन्या कोडावर चालत असेल तर तो त्या तीन बाइटांना तीन निराळीं चिन्हें समजतो, आणि एका रेघेऐवजीं तीन असंबद्ध आकृति उमटतात. विंडोजच्या कन्सोलमध्यें असें झाल्यास 'सी-एच-सी-पी' ही आज्ञा देऊन ६५००१ हा क्रमांक निवडावा, म्हणजे तो यूटीएफ-८ वाचूं लागतो.

मराठी मजकूर चौकटींत

येथपर्यंत आपण अंकांचीच चौकट केली, आणि ती बिनचूक उतरली. कारण देवनागरी अंकाला काना नाहीं, मात्रा नाहीं, कीं जोडाक्षर नाहीं. आतां त्याच प्रोग्रॅमला 'विद्यार्थी' हा शब्द द्या. पुष्कळ कन्सोलांत उजवी भिंत जागेवरून सरकलेली दिसेल. कृति तीच, गणित तेंच. मग बिघडलें कोठें? बिघडलें तें मापांत.

'विद्यार्थी' या शब्दांत अक्षरें किती, असें पहिलीच्या मुलास विचारलें तर तो बोटें मोडून सांगेल : वि, द्या, र्थी, तीन. संगणक मात्र निराळें सांगतो. युनिकोडमध्यें व्यंजन, वेलांटी, काना व पाय मोडण्याची खूण या प्रत्येकीस स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणून हा शब्द त्याच्या लेखीं असा आहे : व, वेलांटी, द, पाय मोडण्याची खूण, य, काना, र, पाय मोडण्याची खूण, थ, वेलांटी, एकूण १० क्रमांक. पायथॉनचें लांबी मोजणारें फंक्शन हेच १० सांगतें. यूटीएफ-८ मध्यें देवनागरीचा प्रत्येक क्रमांक तीन बाइटांचा असल्यामुळें सी भाषेचें रूढ फंक्शन ३० सांगतें. एकच शब्द, परंतु मापें तीन, दहा व तीस !

आणि पडद्यावर घरें किती लागतात, तें माप याहूनहि वेगळें. वर किंवा खालीं बसणाऱ्या खुणांस शून्य घर व शेजारीं बसणाऱ्या काना-वेलांटीस एक घर, असा एक नियम पुष्कळ ठिकाणीं पाळतात. त्याप्रमाणें 'विद्यार्थी' आठ घरांचा होतो. दुसरे कन्सोल काना-वेलांटीसहि घर देत नाहींत; त्यांत तो पांचच घरांचा ठरतो. सर्व कन्सोलांत या बाबतींत एकवाक्यता नाहीं. प्रोग्रॅमनें दहा घरें धरून भरती केली आणि पडद्यानें आठ किंवा पांचच घरें वापरलीं, म्हणजे भिंत तितकी आंत सरकते.

कोणी म्हणेल, भिंत थोडी सरकली तर काय मोठेंसें झालें ? परंतु याच चुकीची दुसरी बाजू पहा. पुष्कळ प्रोग्रॅम कोष्टकाच्या रकान्यांत न मावणारा मजकूर ठराविक संख्येवर तोडतात. 'लक्ष्मी' या नांवांत अक्षरें दोनच, पण क्रमांक सात आहेत. पांचावर तोडलें तर 'लक्ष्' एवढेंच उरतें, आणि 'मी' नाहींसा होतो. बाइट मोजून तोडलें तर कधीं कधीं एका क्रमांकाचे तीन बाइटहि फुटतात व त्या जागीं प्रश्नचिन्हासारखी निरर्थक आकृति येते. गुणपत्रक, पावती, हजेरीपट, सर्वत्र मनुष्याचें नांव छापलें जातें. आईबापांनीं दिलेलें तें नांव रकाना अरुंद म्हणून मोडकें छापणें हा त्या मनुष्याचा अवमानच होय, आणि पुढें कागदपत्रें जुळवितांना तें अडचणीचेंहि होतें. रोमन लिपींतील मजकूर देऊन पाहिल्यास हा दोष सहसा दिसत नाहीं. म्हणून मराठी मुलांनीं तरी आपला प्रोग्रॅम मराठी नांवांवर तपासल्याशिवाय पुरा झाला असें समजूं नये.

उपाय

उपाय तीन आहेत व तिन्ही सोपे आहेत.

पहिला : मजकूर तोडणें प्राप्तच झालें तर तो पूर्ण अक्षराच्या सीमेवरच तोडावा. या सीमा ओळखण्याचे नियम युनिकोडनें ठरवून दिले आहेत. पूर्वीं त्या नियमांनीं जोडाक्षर मध्येंच तुटे, व 'विद्यार्थी' चे वि, द्, या, र्, थी असे पांच तुकडे होत. परंतु २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर अखंड मानलें जातें व तीन हेंच उत्तर येतें. वापरांतील साधन कोणत्या आवृत्तीस अनुसरतें हें मात्र तपासून घ्यावें.

दुसरा : उजव्या भिंतीसाठीं भरतीचा हिशेबच करूं नये. मजकूर छापल्यावर कर्सरला थेट ठराविक स्तंभावर जाण्याची आज्ञा द्यावी व तेथें भिंत उभी करावी. ही आज्ञा अशी : २७ क्रमांकाचा 'एस्केप' कोड, मग उघडता चौकोनी कंस, मग स्तंभाचा क्रमांक, व शेवटीं मोठें रोमन 'जी' अक्षर. मजकूर आठ घरांचा होवो वा पांच घरांचा, भिंत सांगितलेल्या स्तंभावरच येते. रुंदी मात्र ऐसपैस, जसे ६० स्तंभ, अशी अगोदर ठरवून ठेवावी. हा उपाय पडद्यापुरताच आहे. तोच मजकूर फाइलींत सांठविला तर हे संकेतहि त्यांत जाऊन बसतात.

तिसरा : उजवी भिंत मुळींच काढूं नये. वर एक रेघ, खालीं एक रेघ आणि वाटल्यास डावीकडे एक भिंत. मजकूर कोठें सुरू झाला व कोठें संपला हें एवढ्यानेंहि कळतें, आणि चौकटीचें मूळ काम तेंच होतें. फाइलींत सांठवावयाच्या मराठी मजकुरास हाच उपाय सर्वांत निर्धोक आहे.

सारांश, रेघ ओढणें हें काम शेवटचें. मापणें हें पहिलें. आणि मापण्याच्याहि आधीं आपण काय मोजीत आहों, बाइट, क्रमांक, घरें कीं अक्षरें, हें मनाशीं स्पष्ट असलें पाहिजे. यंत्रानें सांगितलेली संख्या खोटी नसते. परंतु ती आपण विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर आहे कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी आपली आहे. ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांनीं चौकड्यांच्या वहींत पेन्सिलीनें हाच अभ्यास करावा. आणि पालकांनीं आपल्या मुलांस घरांतील सर्वांचीं नांवें चौकटींत बसवून दाखविण्यास सांगावें. त्यानें मुलाची परीक्षाहि होईल व प्रोग्रॅमचीहि.

अभ्यासाकरितां प्रश्न

(१) ७, १२ व ९ चिन्हांच्या तीन ओळी आहेत. दोन्ही बाजूंस दोन दोन मोकळ्या जागा सोडल्यास वरची कड एकंदर किती चिन्हांची होईल ? प्रत्येक ओळींत भरती किती ?

(२) 'घर', 'शाळा' व 'पुस्तक' या शब्दांतील अक्षरें, युनिकोडचे क्रमांक व यूटीएफ-८ चे बाइट निरनिराळे मोजा. कोणत्या शब्दांत अक्षरें व क्रमांक सारखेच येतात, व कां ?

(३) मजकुरांत एकहि ओळ नसेल तर आपला प्रोग्रॅम काय करील ? सर्वांत लांब ओळ शोधतांना कोणती अडचण येईल ?

(४) आपलें स्वतःचें पूर्ण नांव चौकटींत छापून पहा. उजवी भिंत सरकल्यास वरील उपायांपैकीं कोणता योजाल, तें कारणासह लिहा.